तेहतीस पेरं

केतकी गवसने कात तिसऱ्यांदा मोजली आणि तिसऱ्यांदाही तेहतीसच आली. टेबलावरच्या चहावर साय धरली होती. खिडकीबाहेर सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं, आणि इकडे तिच्या तळहातांना घाम सुटला होता.

कात होती चाबूककोळ्याची. हे जनावर तुम्ही कदाचित बघितलं नसेल, आणि बघितलं असेल तर विसरला नसाल. म्हणायला कोळी, पण जाळं विणत नाही. चपटं, काळपट, दगडाच्या फटीतून खेकड्यासारखं तिरपं सरकणारं. भक्ष्य धरायला तोंडापुढे दोन काटेरी हात. विष म्हणाल तर थेंबभरही नाही, उगाच बदनाम. पाय आठ, पण चालायला सहाच. पुढची जोडी दोऱ्याएवढी बारीक आणि अंगाच्या कितीतरी पट लांब. तेच त्याचे चाबूक. डोळे असतात, पण नावापुरते. अंधारात चाबूक फिरवत तो सगळं चाचपतो आणि हुंगतो. कात टाकताना उलटा लटकतो आणि जुनं कवच चाबकाच्या टोकापर्यंत अख्खं उतरवून ठेवतो. त्या चाबकाला उसासारखी पेरं असतात. चाबकाच्या मधल्या भागात पेरं किती, यावरून जात ओळखायची ही अभ्यासकांची जुनी रीत आहे.

जंगलातल्या जातीला पेरं पंचवीस. एखादं इकडे, एखादं तिकडे. तेहतीस कधीच नाही.

आता एका किड्याच्या पायाला आठ पेरं जास्त निघाली म्हणून शिकल्यासवरल्या बाईला घाम का फुटावा? त्याचं कारण होतं हुंगणी.

चाबूककोळ्याच्या चाबकातले मज्जातंतू फार जाड असतात. हवेत जरा काही बिघडलं की कुठल्याही यंत्राच्या आधी त्यांना कळतं. कापलेला चाबूक विशिष्ट जेलमध्ये तीन महिने जिवंत ठेवता येतो, हा शोध लागला आणि त्यातून काड्यापेटीएवढी एक डबी तयार झाली. आत जेलमधला चाबकाचा तुकडा, त्याखाली चिप. हवा विषारी झाली की मज्जातंतू फडफडतो, चिप ती फडफड वाचते आणि हिरवी डबी लाल होऊन कोकलते. बरं, जनावर मारायलाही लागत नाही. पुढच्या कातीला चाबूक पुन्हा फुटतो. बोगद्यात, विहिरीत, गटारात उतरणाऱ्या माणसांच्या हेल्मेटवर ही डबी बसली आणि माणसं वाचायला लागली. कंपनीने तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. कामगारांनी ते पहिल्याच दिवशी फेकून दिलं आणि तिला हुंगणी म्हणायला सुरुवात केली. जुनी वायुमापकं दमट हवेत उगाचच बोंबलत, म्हणून लोक त्यांच्या बॅटऱ्याच काढून ठेवत. हुंगणीवर मात्र सगळ्यांचा जीव होता.

मेख एकच होती. चिपला फक्त जंगलातल्या जातीची भाषा शिकवलेली होती.

आणि जंगलातले चाबूककोळी मिळणं महाकठीण. झाडांच्या साली सोलत दिवसभर हिंडावं तेव्हा कुठे चार हाताला लागत. तळकोंडच्या कोंडाईदेवीच्या गुहेत मात्र ते शेकड्यांनी होते. जांभ्या दगडातली खोल, वटवाघळांनी भरलेली गुहा. तिथले कोळी त्याच जातीचे आहेत का, एवढं कुणीतरी ठरवायला हवं होतं. कंपनीसाठी हे कोळी वाढवणाऱ्या पैदास केंद्रात ते ठरवणारी केतकी. दीड वर्षापूर्वी वैशाखात तिने तीन दिवस गुहेत बसून पन्नास कोळी तपासले. हातावरचे काटे जुळले. पेरं जुळली. डोळे किंचित बारीक वाटले, पण तेवढा फरक चालतो. जननेंद्रियं कापून बघितली असती तर काहीच शंका उरली नसती, पण त्याला पंधरा दिवस लागले असते आणि केंद्राचे प्रमुख बर्वे सर म्हणाले होते, "केतकी, सोमवारी प्रमाणपत्र पाहिजे." तिने सही केली.

गुहेतल्या जनावरांच्या चाबकांच्या पहिल्या बारा हुंगण्या गेल्या महिन्यात तयार झाल्या आणि धामणेच्या जुन्या बोगद्यावर गेल्या. त्या हट्टाने मागून घेतल्या होत्या तिथल्या फोरमनने, प्रणितने. प्रणित म्हणजे केतकीचा नवरा.

"अरे, थोडे दिवस जुनं मापकही ठेव बरोबर," ती म्हणाली होती.

"तू मोजलंयस ना?" डबा भरता भरता प्रणित म्हणाला. "मग झालं."

हे त्याचं नेहमीचंच होतं. भाताला पाणी किती, गाडीत हवा किती, पावसाच्या आधी कौलं किती बदलायची, केतकीने मोजलंय ना, मग झालं. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्याने दुसऱ्यांदा कधी मोजलं नाही.

आज तिच्यासमोर होती ती केंद्रातच जन्मलेल्या पिल्लाची कात. आई गुहेतली. या पिल्लाचा चाबूक अजून कुणी कापलेला नव्हता. तिने दुसऱ्या पिल्लाची कात घेतली. तेहतीस. तिसऱ्याची. तेहतीस.

इथे खरं तर तिने फोन उचलायला हवा होता. तो तिने उचलला नाही. भिंग पुसलं, दिवा बदलला, पुन्हा मोजलं. आपल्या सहीवर चाललेली गोष्ट तीन कातींवरून थांबवायची, आणि उद्या आपलीच मोजणी चुकली निघाली तर लोक हसतील, ही भीती तिच्या हाताला धरून बसली होती. पाऊण तास गेला. तो पाऊण तास पुढे तिला जन्मभर पुरला.

शेवटी तिने फोन लावला तो तळकोंडला, सुलूकाकीला. सुलोचना गुरव, गुहेतल्या देवीची पूजा त्यांच्या घराकडे. गुहेतलं काम चालू होतं ते तिन्ही दिवस केतकीने दुपारचा चहा काकीच्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, घेतला होता. त्या चहाला जागून तिने काकीच्या मुलाला, गुरुनाथला, प्रणितच्या हाताखाली कामाला लावलं होतं.

"काय गो बाय, आज बरी आठवण झाली?" काकी म्हणाली.

"काकी, गुहेतल्या त्या जनावरांना कुणी काही करतं का? म्हणजे त्यांचे ते लांब पाय..."

"राखणदारांच्यो मिशो? त्यो आमीच कापतंव!" काकी हसली. "दर वर्साक, जत्रेच्या आधी. बायकापोरां दर्शनाक आत वाकतत, मानेक मिशी लागली की किंचाळतत. मारूचे तर नाय, देवीचे राखणदार ते. म्हणान नुसत्यो मिशो कापूच्यो. परत येतत."

"सगळ्यांच्या?"

"हाताक लागतत तितक्यांच्यो. बारके बिळात रवतत, ते वाचतत. माज्या सासूची कातर हा त्येका. कित्या गो?"

केतकीने "मग सांगते" म्हणून फोन ठेवला. कापलेला चाबूक पुन्हा फुटतो तेव्हा लांबीला जवळजवळ पहिल्याइतका होतो, पण पेरं कमी येतात. हे तिला माहीत नव्हतं असं नाही; हे तिने स्वतः विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. तेहतिसाची पंचवीस होतात. तिने मोजली ती देवीच्या राखणदारांची जात नव्हतीच. तिने मोजली ती सुलूकाकीच्या सासूची कातर.

तिने जुनी वही ओढली. पन्नास कोळी, सत्तेचाळिसांची पेरं चोवीस ते सव्वीस. उरलेल्या तिघांपुढे तेहतीस, तेहतीस, चौतीस. आणि त्यांच्याभोवती पेन्सिलीने कंस करून तिच्याच वळणदार अक्षरात शब्द होता, अपवाद. अपवाद कसले! ते तीन बिळात लपून वाचलेले होते. पन्नासात तेवढेच तीन खरं बोलत होते, आणि तिने त्यांना कंसात बसवलं होतं.

गुहेतली जात वेगळी होती. हजारो पिढ्या वटवाघळांच्या कुजक्या विष्ठेत, कोंदट हवेत राहिलेली. गुहेच्या तळाशी, माणूस जिथे दहा मिनिटांत आडवा होईल, तिथली हवा तिला घरची होती. कारखान्यातून डबी बाहेर पडताना चाबूक जिवंत आहे का एवढंच तपासत, रॉकेलचा बोळा धरून. रॉकेलला तो चाबूक फडफडायचा. कुजक्या हवेला तो कशाला फडफडेल?

प्रणितचा मोबाईल लागला नाही. बोगद्यात कुणाचाच लागत नसे. तिने बर्वे सरांना गाठलं.

"तीन कातींवरून?" सर म्हणाले. "दहा तरी मोज. पुढच्या आठवड्यात चारशे डब्या जायच्यात, केतकी. जरा शांत डोक्याने घे."

"सर, आत माणसं आहेत."

"आणि हुंगणी काय दाखवतेय?"

"हिरवंच दाखवत असणार."

"मग?"

तिने फोन ठेवला. बोगद्याच्या ऑफिसातला ऑपरेटर वेंगुर्लेकर तर तिलाच धीर देऊ लागला. सगळं हिरवं आहे मॅडम, काम थांबवायला साहेबांचा लेखी हुकूम लागतो मॅडम. केतकीने गाडीची चावी घेतली. दार लावायचंही तिला भान राहिलं नाही.

धामणेचा बोगदा पन्नास वर्षांपूर्वी वीजघराला पाणी न्यायला खणला होता. वीजघर बंद पडलं तसा तो पाण्याने भरून पडून राहिला. यंदा पाणी उपसून तो पुन्हा सुरू करायचा घाट घातला होता. इतकी वर्षं पाण्याखाली कुजलेला पाला, फळ्या आणि गाळ आत. तिथे कार्बन डायऑक्साइड साचणार हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो सखल जागी तळ धरून बसतो. गाडी चालवताना केतकी हेच मोठमोठ्याने स्वतःला सांगत होती, थांबता येत नव्हतं तिला. वीस मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात तिने कोंडाईदेवीला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक.

ऑफिस म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेला पत्र्याचा कंटेनर. आत मोठ्या पडद्यावर अकरा हिरव्या रेषा, प्रत्येकीपुढे माणसाचं नाव.

"बघा तुम्हीच," वेंगुर्लेकर म्हणाला. "आज तर रेषा कधी नव्हत्या इतक्या शांत आहेत."

केतकीने पडद्याकडे वाकून बघितलं. रेषा खरंच शांत होत्या. चांगल्या हवेत या चाबकांची रेषा बारीक थरथरत राहायची. महिनाभर सगळ्यांनी ती थरथर बघितली होती, नवा चाबूक जरा चंचल असतो म्हणून सोडून दिली होती. तिला आत्ता त्याचा अर्थ कळला. परक्या जागी आलेला जीव सारखा चाचपत राहतो, घरी पोचला की निवांत होतो. मागच्या नऊ जणांच्या रेषा थोड्या थरथरत होत्या. प्रणितची त्यांच्याहून कमी. आणि सगळ्यात पुढे, सखल भागातल्या पंपाच्या खड्ड्याशी, एक रेषा पट्टीने ओढावी तशी सरळ होती. तिच्यापुढे नाव होतं गुरुनाथ गुरव.

"भोंगा वाजवा!"

"मॅडम, लाल नसताना..."

"लाल होणारच नाही! मरतील सगळे आणि हिरवंच राहील! वाजवा!"

तिचा अवतार बघून वेंगुर्लेकरचा हात आपोआप बटणावर गेला. भोंगा कोकलला. आत दर दोनशे मीटरवर तारेचा फोन होता. केतकीने तो लावला आणि घंटा मोजत उभी राहिली. सातव्या घंटेला प्रणितने उचलला.

"काय रे, भोंगा कसला? हुंगण्या हिरव्या आहेत." त्याला धाप लागली होती.

"प्रणित, मी. सगळ्यांना घेऊन बाहेर ये. आत्ता. हुंगणी खोटी आहे."

"काय?"

"हवा वाईट आहे. ती जात वेगळी आहे. तिला कळत नाही."

 मग त्याने विचारलं, "तू मोजलं होतंस ना?"

"चुकीचं मोजलं. मी चुकले. तू ये."

 मग त्याचा ओरडा ऐकू आला, चला रे, टाका ते, बाहेर पळा! मग तो पुन्हा फोनवर आला. "बाकीचे निघाले. गुरू पंपाशी आहे. हाक मारतोय तर ओ देत नाही. बसलाय वाटतं खाली."

"प्रणित, नाही. तू जायचं नाही. श्वासयंत्रं घालून माणसं पाठवतोय आम्ही."

"ती पोचायला वीस मिनिटं लागतील गं. ऐंशी पावलांवर आहे तो."

"तिथे खाली हवाच नाही! प्रणित, मी पाया पडते तुझ्या..."

फोन भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. त्याने तो तसाच लोंबकळता सोडला होता. तिला त्याची पावलं ऐकू आली, धावती, मग लांब, मग नुसता पंपाचा घरघराट.

ती पडद्याकडे बघत राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. प्रणितची रेषा आधी थरथरली, मग कमी, मग आणखी कमी. त्याच्या कपाळावरच्या त्या डबीतला कापलेला तुकडा पायरीपायरीने घरी पोचत होता. "फडफड," केतकी पुटपुटत होती, "फडफड रे मेल्या, एकदा तरी." रेषा सरळ होत गेली. हिरवा रंग तसाच, टवटवीत. वेंगुर्लेकर भिंतीला टेकून रडायला लागला होता.

नऊ माणसं आपल्या पायांनी बाहेर आली. श्वासयंत्रं लावून दोघे आत गेले. प्रणित त्यांना खड्ड्यापासून पंधरा पावलांवर सापडला, गुरुनाथच्या काखेत हात घालून त्याला ओढता ओढता पडलेला. दोघांच्या हेल्मेटवर हिरवे दिवे होते. प्रणितचा श्वास चालू होता. गुरुनाथचा नव्हता.

प्रणित पाचव्या दिवशी शुद्धीवर आला. बोलला, ओळखलं, गुरूबद्दल कळल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.   आठव्या दिवशी तिने त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या, "तीन आहेत, एकदम घ्यायच्यात." त्याने तळहात डोळ्यांजवळ नेला, डाव्या हाताच्या बोटाने एकेक गोळी बाजूला केली, मोजली, आणि मगच तोंडात टाकली. केतकी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

तिथेच बर्वे सर अहवाल घेऊन आले. सगळ्या हुंगण्या परत मागवल्या होत्या, चौकशी लागली होती. "स्थानिक प्रथेमुळे प्राण्यांना वारंवार इजा झाली व त्यामुळे नमुने सदोष ठरले," असं वाक्य होतं त्यात. "हे खोटं नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "तुझं पद वाचेल, नाव वाचेल. नवरा असा पडलाय, तुला नोकरी हवी. सही कर."

खोटं नव्हतंच ते. म्हणूनच तिला त्याची भीती वाटली. सही केली की कागदावर गुरुनाथला मारणारी त्याची आई होणार होती. तिने कागद परत दिला, पर्समधली वही काढली आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं की पन्नासातल्या तीन नोंदी मी अपवाद म्हणून सोडल्या, एकाही कोळ्याची जननेंद्रियं कापून बघितली नाहीत, आणि कात मोजल्यावर पाऊण तास गप्प बसले. खाली सही करून तारीख घातली. सर दोन्ही कागद घेऊन उठून गेले.

तेरावं झाल्यावर ती तळकोंडला गेली. खळं तेच होतं, सारवलेलं. सुलूकाकी खांबाला टेकून बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर कातर ठेवलेली होती, लांब पात्यांची, जुनी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. केतकीला ती ओळखीची वाटली, आणि मग आठवलं. चहा प्यायला बसायची तेव्हा तिच्या नजरेसमोरच्या खुंटीला ती लटकलेली असायची. तिन्ही दिवस.

"बस," काकी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "तुमच्या हापिसातलो एक माणूस इलो हुतो. तुमी जनावराक कातर लावलास म्हणान ह्या झाला, म्हणालो. खरा सांग माका. माज्या कातरेन गेलो काय गो माजो झील?"

केतकी जमिनीवर तिच्यासमोर बसली.  "नाही काकी. तुमच्या कातरीने नाही. तुम्ही तर फोनवर पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगितलंत. दीड वर्षापूर्वी विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतंत. मी विचारलं नाही. माझ्या सहीने गेला गुरू."

काकी रडेल, शिव्या देईल, हाकलून काढील, या सगळ्याची तयारी करून केतकी आली होती. काकीने तसलं काही केलं नाही. तिने कातर उचलली, पदराने पुसली आणि मांडीवर घेतली. मग तिने केतकीकडे बघितलं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"तीन दीस हय माज्या खळ्यात बसान च्या घेतलंस गो तू," ती म्हणाली. "सगळा इचारलंस. पावस कितको पडता, वटवागळा कधी येतत, गुरू काय शिकलो. मगे ह्या एक इचारूक काय झाला हुता तुका?"

केतकीने पर्समधली वही काढली आणि कंस केलेलं पान काकीसमोर उघडून ठेवलं. "मला वाटलं, मी मोजलंय ना," ती म्हणाली, "मग झालं."